तीन मीटरवर

पहाटे चारला मी उठते, ती तुझ्यासाठी नाही.
बेलार्मिनोची कूस बदलायची असते.
गुडघ्यांमध्ये उशी, टाचेखाली मेंढीच्या लोकरीचा तुकडा,
पाठीवर कुठे लाल झालंय का ते बॅटरीच्या उजेडात.
मग झोप येत नाही.
चुलीपाशी बसते, आणि तू असतोस.
किंवा नसतोस.
आता विचारत नाही.

आमच्या बेटावर फादर होडीने येतात, तीन महिन्यांतून एकदा,
तेही समुद्र हो म्हणाला तर.
एरवी प्रार्थना चालवतो फिस्काल रोसामेल.
नखांत बटाट्याची माती, पुस्तक बंद, सगळं पाठ.
चर्च बांधलं होड्या बांधणाऱ्यांनी,
छत म्हणजे पालथी घातलेली होडी.
तिच्याखाली रोसामेल मला म्हणाला होता,
शब्द संपले तर संपू देत, एर्सिरा. बसून राहा.
मी म्हटलं, बसायला वेळ कुणाच्या बापाकडे आहे?

तेव्हा बेलार्मिनो सॅमनच्या पिंजऱ्यांखाली उतरायचा
मेलेले मासे गोळा करायला.
दिवसातून सहा वेळा. कधी आठ.
खाली किती राहिलास तर वर येताना किती थांबायचं
याचा एक तक्ता असतो.
नऊ मीटरवर थांब. सहावर थांब.
तीनवर सगळ्यात जास्त,
जिथून बोटीचा तळ दिसतो, उजेड दिसतो,
हात लांबवला तर पोहोचेल असं वाटतं.
त्या दिवशी हवेचा पंप खोकला आणि गप्प झाला.
तो सरळ वर आला.
रक्तात बुडबुडे. कमरेखाली काही नाही.

कंपनीने टोपली पाठवली.
आत सॅमनच होता, धुरावलेला, सोनेरी कागदात.

झुनिल्दा म्हणाली, देवाची इच्छा.
शेजारीण म्हणाली, ज्याच्यावर त्याचं प्रेम असतं त्यालाच तो...
मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.
तो सगळा हिवाळा मी रोझरी हातात धरून
एकेका मण्याला कंपनीच्या एकेका माणसाला शिव्या दिल्या.
नमो मरियाच्या चालीवर.
तू ऐकत असशील तर ऐकलंस.

मग एका रात्री तापात तो बरळला.
एर्सिरा, घाई नको.
माझ्याबरोबर पाण्यात आहेस असं वाटत होतं त्याला,
मला हात नव्हता लावत, दोर सापडत नव्हता.
तीनवर थांब, म्हणाला. वर बघू नकोस. श्वास सोड.

तुलाही म्हणाले होते खालून,
उतर खाली, आत्ताच्या आत्ता.
तू उतरला नाहीस.
हे मी हजारदा ऐकलं होतं, दर गुड फ्रायडेला, भूक लागलेली असताना.

म्हणून थांबते.
किटलीच्या तळाशी बुडबुडे धरतात, सुटतात.
बाहेर ओहोटी दगडगोटे ओढून नेते.
काही मागत नाही. आभारही नाही, ते अजून जमत नाही.
वर उजेड आहे एवढं माहीत आहे,
आणि तिथे लगेच जायचं नाही.
रक्तात मुरलेलं एकेक श्वासाने बाहेर जाऊ द्यायचं.
किती वेळ, याचा तक्ता
रोसामेलकडेही नाही.

सोमवारी मी कास्त्रोला जाते, वकिलाकडे.
कंपनीचा कागद टेबलावर असतो, पेन त्याच्यावर.
मी सही करत नाही.
तिथेही तशीच बसते, हात मांडीवर.
वकील म्हणतो, बाई, तुम्ही फार शांत आहात.
त्याला काय माहीत.

आत बेलार्मिनो जागा होतो.
किती? विचारतो.
वेळ विचारतो की खोली, कळत नाही.
घड्याळात पाच वाजून गेलेले असतात.
तीन, मी सांगते,
आणि त्याची उशी उलटी करते, गार बाजू वर.